पाटणचा मठ आणि खानदेशचीं कॉलेजें

अमेरिकेंत ज्यास 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात, त्या संस्थेची चर्चा आपल्या विद्यापीठांतून अलीकडे बरीच चालली आहे. गांवच्या पैशानें चालणारें, गांवच्या मुलांसाठीं काढलेलें, आणि गांवांत जो उद्योग आहे त्यास लागणारें शिक्षण देणारें कॉलेज, असा त्या शब्दाचा ढोबळ अर्थ आहे. १९०१ सालीं इलिनॉय प्रांतांतील जोलिएट या गांवीं तेथल्या हायस्कुलास दोन वर्षांचा वरचा अभ्यासक्रम जोडून देण्यांत आला. त्यामागें शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची कल्पना होती. या संस्थांचा उगम तेथून धरतात. पुढें १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या मंडळानें हें नांव रूढ केलें. आपल्याकडे पाँडेचरीस १९९५ त तसा प्रयोग झाला, व २०१३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें त्याची योजनाच आंखली. हें सर्व ठीकच आहे. परंतु ही कल्पना आपणांस सर्वस्वीं परकी आहे, असें आमचे विद्वान मित्र व्याख्यानांतून सांगूं लागले म्हणजे त्यांस चाळीसगांवच्या स्टेशनावर उतरवून घ्यावें आणि पाटणची वाट दाखवावी, असें आम्हांस वाटतें.

पाटण अथवा पाटणें हें स्थळ चाळीसगांवापासून सुमारें १८ किलोमीटरांवर, डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं आहे. हल्लीं तेथें लोक जातात ते पाटणादेवीच्या दर्शनास, किंवा पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास. भोंवतालीं गौताळ्याचें अभयारण्य आहे. वर डोंगरांत पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत. या निर्जन जागीं एके काळीं भरलेली बाजारपेठ होती, हें सांगूनहि खरें वाटत नाहीं. तें खरें मानावें लागतें तें एका शिलालेखामुळें. डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं तो विद्वानांच्या नजरेस आणला, व पुढें कीलहॉर्न या जर्मन पंडितानें त्याचें संपादन केलें.

लेखाचा विषय एका शाळेची स्थापना हा आहे. यादव राजा सिंघण याच्या दरबारचा मुख्य ज्योतिषी चांगदेव यानें आपला आजा भास्कराचार्य याचे ग्रंथ पढविण्यासाठीं पाटणास मठ स्थापिला. 'सिद्धान्तशिरोमणि' हा त्यांतला मुख्य ग्रंथ. शिवाय भास्कराचे इतर ग्रंथ आणि त्याच्या वंशांतील इतरांचेहि ग्रंथ तेथें शिकवावयाचे होते. या प्रांतीं तेव्हां यादवांचे मांडलिक निकुंभवंशीय राजे राज्य करीत. त्यांपैकीं सोइदेवानें, आणि मागाहून त्याचा भाऊ हेमाडिदेव यानें, मठास दान दिलें. सोइदेवाच्या दानाचा दिवस शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा पर्वकाल. गणितानें तो दिवस इ. स. १२०७ च्या ऑगस्टची ९ तारीख येतो. ज्योतिषाच्या शाळेस ग्रहणाच्या दिवशीं दान मिळावें, हा योग कोणी जाणूनच साधला असला पाहिजे.

येथपर्यंतचा मजकूर संस्कृतांत आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांतून उतरतो तोहि बहुधा एवढाच. आमच्या मतें खरी गोष्ट पुढेंच आहे. शेवटच्या कांहीं ओळींत लेख एकदम संस्कृत सोडून मराठीवर येतो. हें मराठी ज्ञानेश्वरीच्या ८३ वर्षें आधींचें असल्यामुळें भाषाशास्त्र्यांनीं त्याचा पुष्कळ कीस काढला; परंतु त्यांत सांगितलें काय आहे, याकडे त्या मानानें कमी लक्ष गेलें. पाटणांत जो माल विकला जाईल, त्यावर ग्राहकाकडून जो हिस्सा राजाकडे जात होता, तो राजानें मठास दिला. विकणाराकडून ब्राह्मणांस जें ब्रह्मोत्तर मिळत असे, तें ब्राह्मणांनीं दिलें. नगरानेंहि ग्राहकापासून दामामागें एक विसोवा लावून दिला. ग्राहकाकडून पांच पोफळी; जितके घाणे चालतील तितक्यांमागें पळी पळी तेल; आणि जें जें मोजावयाचें तें मठाच्या मापानें मोजावें, मापाचें जें उत्पन्न होईल तें अर्धें मठाचें व अर्धें मापाऱ्याचें. याशिवाय जमीन.

वंशावळी आणि स्तुति संस्कृतांत कोरली, पण पळीभर तेलाचा करार मराठींत कोरला, याचें कारण उघड आहे. तो घाणेवाल्यास आणि मापाऱ्यास समजावा लागत होता. राजाच्या दानावर चाललेल्या शाळा आपल्या इतिहासांत थोड्या नाहींत. राजा गेला कीं त्या बुडतात. पाटणच्या मठास राजाचें दान तर होतेंच, पण त्याच्या जोडीस सबंध बाजार बांधलेला होता. रोज जेवढी विक्री, तेवढें मठाचें उत्पन्न.

त्यांतहि आमची नजर पुन्हां पुन्हां त्या मापाकडे जाते. ज्या संस्थेंत गणित शिकविलें जातें, तिचें माप बाजारानें प्रमाण मानावें, ही सामान्य गोष्ट नव्हे. भास्कराची 'लीलावती' ज्यांनीं वरवर चाळली असेल, त्यांस तींतील भुंगे आणि कमळेंच तेवढीं आठवतात. परंतु त्या ग्रंथांत त्रैराशिक आहे, व्याजाचें गणित आहे, खणलेल्या खड्ड्याचें घनफळ आहे, विटांच्या राशीचें माप आहे, करवतीनें कापलेल्या लांकडाचा हिशेब आहे, आणि 'राशिव्यवहार' या नांवाचें एक प्रकरणच जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या ढिगावरून धान्य किती तें काढण्याविषयीं आहे. पाटणच्या बाजारांत ढीग पडत होते आणि मठांत ढिगाचें गणित शिकविण्याजोगा ग्रंथ होता. आजच्या भाषेंत ज्यास 'उद्योगाशीं निगडित अभ्यासक्रम' म्हणतात, तो याहून निराळा काय असतो?

मात्र येथें थांबून आपली पाठ थोपटून घेणें बरें नव्हे. लेखांत घाणेवाल्याची पळी आहे. घाणेवाल्याचा मुलगा नाहीं. कोणीं शिकावें याविषयीं लेख एक शब्दहि बोलत नाहीं, आणि त्या काळची समाजरचना ध्यानांत घेतां तो मुलगा मठांत बसून राशिव्यवहार शिकला असेल, असें मानण्यास आम्हांस धैर्य होत नाहीं. ढिगाचें गणित पंडिताच्या मुलानें शिकावें आणि ढीग मापाऱ्याच्या मुलानें मोजावा, अशीच ती वाटणी असली पाहिजे. गांवानें पोसलेली विद्या गांवच्या कामाजवळ येऊन थांबली. कामकऱ्याच्या घरांत ती शिरली नाहीं. पाटणची पेठ पुढें ओसाड पडली, मठ गेला, आणि या विद्येनें आमच्या जिल्ह्यांत मागें काय ठेवलें म्हणाल तर एक शिळा.

मधल्या शतकांचा इतिहास सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आजच्या अर्थानें ज्यास कॉलेज म्हणतां येईल, तें खानदेशांत उगवण्यास १९४५ साल उजाडावें लागलें. त्या एकाच वर्षीं जळगांवास मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरास प्रताप कॉलेज निघालें. दोन्ही नांवें कापसाचीं आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मूळजी जेठा ही मुंबईची कापडाची पेढी, जळगांवची जुनी गिरणी तिची. आणि मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांची गिरणी अमळनेरास. खानदेशच्या काळ्या जमिनींत जो कापूस पिकला, त्याच्या नफ्याचा कांहीं अंश असा फिरून खानदेशांत आला. घाण्याच्या पळीची जागा गिरणीच्या देणगीनें घेतली.

त्यापूर्वीं चाळीसगांवच्या मॅट्रिक झालेल्या मुलापुढें वाट होती ती रेल्वेचीच. नाशकास १९२४ त कॉलेज निघालें होतें, पुण्यास फर्ग्युसन १८८५ पासून होतें. चार वर्षें परगांवीं खाणावळीचा खर्च म्हणजे मध्यम शेतकऱ्यास एखादें शेत गहाण टाकण्याची पाळी. आणि तोच मुलगा औताला लागणारा, हा तोटा वेगळाच. कॉलेज घरापासून एका तिकिटाच्या अंतरावर आलें, यानें काय झालें तें आंकड्यांनीं सिद्ध करण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाहीं. सकाळच्या गाडीच्या डब्यांत डोकावावें म्हणजे पुरे. चाळीसगांवाहून धुळ्यास जाणारी शाखा १९०० सालीं निघाली ती सरकी-कापसाच्या सोयीसाठीं. तिनें पुढें वह्यापुस्तकें घेतलेल्या मुलांची वाहतूक केली. मुलींच्या बाबतींत तर हें अंतरच सर्वस्व होतें. संध्याकाळीं घरीं परत येतां येतें, एवढ्या एका गोष्टीवर किती घरांतून होकार मिळाला असेल! खुद्द चाळीसगांवांत पुढें चाळीसगांव एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज झालें. दुसरें ज्या मंडळाचें आहे, त्याच्या तर नांवांतच 'सहकारी' हा शब्द आहे. पुणें विद्यापीठ १९४९ त निघालें, आणि १९९० सालीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलें. २०१८ पासून त्यास बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. ज्या बाईस अक्षरओळख नव्हती, तिच्या नांवाच्या पदव्या आमचे विद्यार्थी घेतात, याचा अभिमान वाटावा कीं लाज, हें आमचें आम्हांसच अजून ठरवितां आलेलें नाहीं.

घाणेवाल्याचा मुलगा वर्गांत आला, हें या कॉलेजांचें खरें यश. पाटणच्या मठास जें साधलें नाहीं, तें यांनीं साधलें, आणि त्याचें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. पण मठास जें साधलें होतें, तें मात्र या अवधींत हातचें गेलें. कापसाच्या पैशावर उभारलेल्या कॉलेजांत त्या मुलास काव्य, न्याय, अर्थशास्त्र शिकविलें गेलें, आणि तें शिकविणाऱ्यांत आम्हीहि होतों; त्याची खंत नाहीं, तीं शिकलींच पाहिजेत. परंतु कापसाचा धागा किती लांब आहे हें कसें पाहावें, सरकींत तेल किती निघेल, केळीच्या बागेस ठिबकानें किती पाणी द्यावें, मालाची प्रत लावून भाव कसा बांधावा, यांतलें त्यास कांहींच भेटलें नाहीं. शेतीच्या विद्येसाठीं धुळ्यास निराळें महाविद्यालय, हातच्या कारागिरीसाठीं निराळी औद्योगिक संस्था, अशा भिंती पडल्या; आणि बी. ए. झालेला मुलगा दोन्ही भिंतींच्या बाहेर, कारकुनीच्या जाहिरातीची वाट पाहत बसला. कारकुनीच्या जागा सरल्या तेव्हां त्याच्या बापानें विचारलेला प्रश्न आम्ही आमच्या खोलींत अनेकदां ऐकला आहे: 'सर, शिकला तर खरा; आतां करावं काय यानं?'

२०१३ च्या योजनेचा रोख याच प्रश्नाकडे आहे. सहा महिन्यांपासून पुढें लहानमोठे अभ्यासक्रम, त्यांत हातच्या कामास मोठा वांटा, आणि स्थानिक उद्योगांशीं करार, अशी तिची मांडणी आहे. मांडणी निर्दोष आहे. अडचण एवढीच, कीं पैसा दिल्लीहून येतो आणि मुदतीनें येतो. पाटणच्या शिळेवर मुदत नव्हती. तेथें घाणा फिरला कीं तेल येत होतें, आणि म्हणूनच घाण्याचें बरेंवाईट हें मठाचेंहि बरेंवाईट होतें. आमच्या कॉलेजास त्याच्या शेजारच्या जिनिंग फॅक्टरीचें बरेंवाईट कळण्याचें कांहींच कारण उरलेलें नाहीं, आणि फॅक्टरीलाहि कॉलेजाचें.

चाळीसगांवच्या बाजार समितीच्या आवारांत हंगामाच्या दिवसांत जाऊन उभें राहावें. १९६३ च्या कायद्यानें तेथें मालावर सेस बसतो, आणि तो ग्राहकाकडूनच घेतात. धान्याचे ढीग पडलेले असतात. जो तें मोजतो त्यास मापाडी म्हणतात.