गेटच्या बाहेरचा प्रश्न

आपल्यातले कितीतरी जण तारापूर-बोईसरच्या आणि वापीच्या कारखान्यांत लागले. त्यांच्या बोलण्यात ‘हॅझॉप’ हा शब्द हमखास येतो. त्याच्या इतिहासात आपल्या डहाणू-तलासरीलाही जागा हवी, असे मला वाटते.

ही पद्धत 1960 च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत आकाराला आली. कारखान्याचा नकाशा पुढ्यात घेऊन आखणारे, चालवणारे आणि दुरुस्ती करणारे एकत्र बसतात आणि एकेका पाइपाला तेच प्रश्न विचारतात : प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर? कशाने होईल, आणि अडवणार काय?

प्रश्न साधे, पण ते न विचारल्याची किंमत मोठी. 1974 मध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथे तात्पुरता जोडलेला पाइप फुटून 28 माणसे गेली. बदल झाला होता, त्याची नीट तपासणी झाली नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही छोटा बदलही पुन्हा तपासतो, तो याच कारणासाठी.

डिसेंबर 1984 मध्ये भोपाळ घडले. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. धोके ओळखणे ही कारखान्याची जबाबदारी ठरली. गेटबाहेरच्या लोकांसाठीही आपत्कालीन योजना हवी, हे मान्य झाले.

20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि अतिप्रदूषक उद्योगांना बंदी आली. पण आपल्या दक्षिणेला तारापूर, उत्तरेला वापी आणि मधून चारोटी-तलासरीचा महामार्ग. कारखाना इथे नसला तरी टँकर इथूनच जातो. मार्च 2014 मध्ये चारोटीजवळ गॅसचा टँकर उलटून पेटला आणि माणसे दगावली. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या स्फोटात आठ जण गेले.

अभ्यास गेटपाशी थांबतो, धोका थांबत नाही. म्हणून कारखान्यातल्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे : त्या बैठकीत रात्रपाळीचा ऑपरेटर बसू दे, चर्चा त्याला कळेल अशा भाषेत होऊ दे आणि प्रश्नांच्या यादीत रस्त्यावरचा टँकरही येऊ दे. आणि शिक्षक झालेल्यांनो, भोंगा वाजला तर कुठे जायचे, हे वर्गात एकदा विचारून पाहा.