मुठीचा इतिहास आणि मनाचे आरोग्य

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे ठाणे एकेकाळी निजामाच्या राज्याच्या उत्तर सीमेवरील लष्करी छावणी होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची तुकडी येथे असे. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात सामील झाली, छावणी उठली आणि नावे मागे राहिली. त्यांतले पेन्शनपुरा हे नाव मला सर्वांत बोलके वाटते. कवायत संपली, पगाराचे निवृत्तिवेतन झाले, परंतु अंगातील रग अद्याप ओसरलेली नाही, अशा प्रौढ पुरुषाने आपल्या मनाचे काय करावे, हा प्रश्न त्या एका नावात दडलेला आहे. शरीराच्या मेहनतीने मन ताळ्यावर राहते, हे आपले जुने शहाणपण या प्रश्नाला कितपत उत्तर देते, ते मुष्टियुद्धाच्या इतिहासातून पाहण्यासारखे आहे.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांचा आहार, त्यांची मेहनत आणि डावपेच यांचे वर्णन आढळते. ग्रंथाच्या नावाचा अर्थच मनाचा उल्हास! मात्र हा उल्हास प्रामुख्याने पाहणाऱ्या राजाचा होता, हे विसरता येत नाही. घाम गाळणाऱ्या मल्लाच्या मनात काय चालले असेल, याची विचारपूस करण्याचे ग्रंथकाराला कारण नव्हते.

हातमोजे घालून, ठराविक वेळाच्या फेऱ्यांत खेळले जाणारे आधुनिक मुष्टियुद्ध १८६७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी आकाराला आले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्या खेळाडूस उठण्यासाठी दहा सेकंद, ही बंधने त्या नियमांनी घातली. इंग्रजी अमलाबरोबर हा खेळ आपल्या देशात आला. मुंबईत १९२५ साली इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धाही मुंबईतच, १९५० साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर भरली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय मुष्टियोद्ध्यांत जीन रेमंड, जॉन नटॉल, रॉबर्ट क्रॅन्स्टन ही नावे दिसतात. या खेळातील अँग्लो-इंडियन समाजाचा वाटा त्यावरून सहज ध्यानात येतो.

महाराष्ट्राच्या मातीतील या विषयाशी सर्वांत जवळचे उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचा हा तरुण सैन्यात गेला आणि तेथे मुष्टियोद्धा झाला. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. मुष्टियोद्ध्याचे पाय म्हणजे त्याची अर्धी विद्या, तीच गेली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला लावण्यात आले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या वेळेसह भारताला पॅरालिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. सन्मानाला फार उशीर झाला: पद्मश्री २०१८ साली, तर जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये. या यशाचे श्रेय लोक जिद्दीला देतात. मला वाटते, त्यात जिद्दीइतकाच सरावाच्या ठरल्या वेळेचाही हात असावा. ज्याला पहाटे उठून शरीर झिजवण्याची सवय आहे, त्याच्या हाती निराशेच्या दिवसांतही करण्यासारखे एक काम उरते.

आजचे वैद्यकशास्त्र याबाबत काय म्हणते? नियमित व्यायामाने सौम्य व मध्यम स्वरूपाचे नैराश्य आणि चिंता कमी होण्यास मदत होते, झोप सुधारते, हे आता सर्वमान्य आहे. मुष्टियुद्धाच्या सरावात आणखी एक गुण आहे. हात, पाय, नजर आणि श्वास यांचा मेळ घालताना मनाला दुसरीकडे भटकायला सवड मिळत नाही. मूठ पुढे जाताना श्वास सोडायचा, हात मागे घेताना तो घ्यायचा; घोळत राहिलेल्या काळजीला तेवढी दोन-तीन मिनिटे तरी जागा उरत नाही. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २००६ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' हा उपक्रम सुरू झाला. त्यात कोणी कोणाला मारीत नाही. ठोसे पडतात ते पिशवीवर.

हा भेद महत्त्वाचा आहे. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूचे कायमचे नुकसान होते, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच मांडले होते. रोममधील येशूसंघीयांच्या 'ला चिव्हिल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने २००५ साली धंदेवाईक मुष्टियुद्धाचा अतिशय कडक शब्दांत निषेध केला. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना मुष्टियोद्ध्याची उपमा वापरली खरी, पण ती आत्मसंयमासाठी. तिच्या आधारे कोणी डोके फोडून घेण्याचे समर्थन करू नये. मनाच्या आरोग्यासाठी मेंदूच पणाला लावणे हा उफराटा व्यवहार होय.

हिंगोलीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात हा विषय केवळ हौसेचा नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहून शासनाला २०१५च्या सुमारास 'प्रेरणा' हा समुपदेशन प्रकल्प हाती घ्यावा लागला. कर्ज आणि नापिकी ठोशांनी हटत नाहीत, हे उघड आहे. परंतु ज्या घरातला कर्ता माणूस महिनोन्महिने बोलत नाही, त्याला रोज संध्याकाळी अर्धा तास दोन-चार जणांत उभे करणे, हीदेखील एक सोबत आहे. पूर्वी तालमीत ती मिळे. आज ती गावोगावी मिळतेच असे नाही. खर्चही फारसा नाही. जाड किंतानाची पिशवी शिवावी, तीत जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासाव्यात आणि ती लिंबाच्या फांदीला टांगावी. नुसती वाळू भरू नये. ती खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट दुखावते. मुठीला सुती पट्टी गुंडाळावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्याची झोप पार उडाली आहे किंवा ज्याच्या तोंडी मरणाची भाषा येऊ लागली आहे, त्याला पिशवीजवळ नेण्याआधी जिल्हा रुग्णालयात न्यावे, अथवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासाठी आपणच फिरवावा.