'सफाळ्याचा रूळ'

* सफाळ्याचा रूळ : जीसीसी या मुक्त कंपायलरच्या मधल्या भागाला लेखकाने स्वतः दिलेले नाव. लेखकाच्या प्रवासाच्या काळी विरारच्या उत्तरेला दोनच मार्गिका होत्या. डहाणूची लोकल, गुजरातची मेल, मालगाडी, सगळ्या सफाळ्यावरून त्याच रुळांनी धावत. जीसीसीच्या सोर्स कोडचेही तसेच आहे. त्यात प्रत्येक भाषेचे वेगळे फोल्डर असते: सी भाषेचे 'सी', सी प्लस प्लसचे 'सीपी', शिवाय 'फोरट्रान' आणि 'एडा'. व्याकरण जो तो आपल्या घरी तपासतो. पुढे मात्र सगळ्यांचा 'गिंपल' या एकाच मधल्या रूपात अनुवाद होतो. वेग वाढवणारी बरीचशी कामे याच टप्प्यावर होत असल्याने ती भाषेगणिक पुन्हा लिहावी लागत नाहीत. त्यानंतर 'कॉन्फिग' फोल्डरात पुन्हा फाटे फुटतात, प्रोसेसरच्या प्रत्येक घराण्याला एक. इंटेल घराण्याच्या फोल्डरवर 'आय३८६' ही १९८५ च्या चिपची पाटी अजून तशीच आहे; आजच्या ६४ बिटी यंत्रांचा संसारही तिथेच. प्रत्येक फोल्डरात त्या यंत्राच्या आज्ञांचे वर्णन असते. कंपायलर बांधताना छोटे प्रोग्रॅम ते वाचून कोडचा काही भाग स्वतःच लिहितात. म्हणून नुसत्या फायली चाळून जीसीसी पुरता कळत नाही. जीसीसीची उकल शिकवण्यासाठी पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने कार्यशाळा होत. — संपा.