नवजात अवस्था आणि संप्रेरके : एका संशोधनाचा इतिहास

प्रौढ प्राण्यावर लैंगिक संप्रेरकाचा जो परिणाम होतो, तो बहुधा ते शरीरात असेपर्यंतच टिकतो. नवजात अवस्थेत मात्र तेच संप्रेरक कायमचा ठसा उमटवून जाते. हा भेद प्रस्थापित होण्यास सुमारे पाव शतक लागले.

इ. स. १९३६ मध्ये कॅरोल फायफर याने नवजात मादी उंदरांच्या शरीरात वृषणाचे रोपण केले. त्यांपैकी अनेक माद्या प्रौढ झाल्यावर त्यांच्या अंडाशयांत पीतपिंड आढळले नाहीत; म्हणजेच अंडमोचन होत नव्हते. हा फरक पोष ग्रंथीत पडत असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. प्रयोग बिनचूक होता. निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९५२ मध्ये हॅरिस व याकोबसोन यांनी नराची पोष ग्रंथी मादीच्या मेंदूतळाशी रोपली, तेव्हा मादीचे ऋतुचक्र पूर्ववत् सुरू झाले. अर्थात् भेदाचे मूळ ग्रंथीत नसून मेंदूत होते. पुढे १९६१ मध्ये बॅराक्लफ याने दाखविले की, पाच दिवसांच्या मादीस टेस्टोस्टेरॉन प्रोपियोनेटचे १.२५ मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिल्यास ती पुढे वंध्य होते. वीस दिवसांच्या मादीवर मात्र असा परिणाम होत नाही.

मेंदूत टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर एस्ट्राडायॉलमध्ये होते, हे नंतर उलगडले. मग मादी पिलाचा मेंदू एस्ट्राडायॉलपासून सुरक्षित कसा राहतो? त्याच्या रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीन हे संप्रेरक बांधून ठेवते. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम द्रव्यास मात्र ते फारसे अडवीत नाही.

येथेच या इतिहासाचा मनुष्यजीवनाशी संबंध येतो. गर्भपात टाळण्यासाठी हे द्रव्य गर्भवतींना १९४०च्या दशकापासून देण्यात येत होते; त्याचा उपयोग होत नाही, हे शिकागो येथील चाचणीने १९५३ मध्येच दाखविले होते. १९६२ मध्ये ताकासुगी, बर्न व डिओम यांनी माउस जातीच्या उंदरांत, नवजात अवस्थेतील एस्ट्रोजेनमुळे योनिस्तरात कायमचा बदल होतो, असे नोंदविले. पुढच्याच वर्षी डन व ग्रीन यांनी त्याच जातीत, जन्मतः हे द्रव्य दिलेल्या माद्यांत, गर्भाशयग्रीवेचा कर्करोग वर्णिला. तरीही त्याचा वापर चालूच राहिला. १९७१ मध्ये बोस्टन येथे तरुणींमधील योनीच्या दुर्मिळ कर्करोगाच्या आठ प्रकरणांचा अभ्यास झाला. त्यांपैकी सातजणींच्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते.

इशारा आठ वर्षे आधीच छापला गेला होता. पण उंदरांवरील निरीक्षणे आणि प्रसूतिवैद्यकाचा व्यवहार यांची वेळीच गाठ पडली नाही. प्रयोगशाळेतील सत्य आपोआप रुग्णालयात पोहोचत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.