लाल किल्ल्यातील टोपी

आम्हां इंदूरकरांच्या देवस्थानात उत्सवाच्या दिवशी देवाचे अलंकार बाहेर काढावयाचे, तर कारभारी आधी नोंदवही उघडतात. कोणता अलंकार, कोणाच्या हाती, केव्हा परत यावयाचा, हे लिहून सह्या झाल्याविना पेटीचे कुलूप निघत नाही. यात कोणावर अविश्वास नसतो. विचारणारास उत्तर देता यावे, एवढेच. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या लष्करी टोपीची हकीकत वाचताना आम्हांस त्या वहीची आठवण झाली.

५ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सेनेस सांगितले की, लाल किल्ल्यावर विजयसंचलन झाल्याविना आपले कार्य संपावयाचे नाही. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे या सेनेतील एक वरिष्ठ अधिकारी. सेनेचे वीर किल्ल्यात पोचले खरे, परंतु आरोपी म्हणून. नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर तेथे बादशहाविरुद्ध युद्ध केल्याचा खटला उभा राहिला. परतंत्र लोकांनी आपले सरकार स्थापून स्वातंत्र्यासाठी युद्ध केले, तर राष्ट्राराष्ट्रांतील कायद्याने तो गुन्हा ठरत नाही, असा बचाव भुलाभाई देसाई यांनी मांडला. तो युक्तिवाद प्रत्येक तरुण वकिलाने मुळातून वाचावा. न्यायालयाने मात्र तिघांसही जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. धिल्लन पुढे आमच्याच मध्य प्रदेशात, शिवपुरीजवळ, स्थायिक झाले व २००६ साली निवर्तले.

त्याच किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी नेताजी व आझाद हिंद सेना यांचे संग्रहालय उघडले. बोस कुटुंबीयांनी नेताजींची टोपी पंतप्रधानांस भेट दिली. त्यांनी ती संग्रहालयाच्या स्वाधीन केली. सेनापतीचे शिरोभूषण किल्ल्यात पोचावयास पाऊणशे वर्षे लागली!

२०२१ साली घराण्यातील एका गृहस्थांनी जाहीरपणे विचारले, टोपी जागेवर नाही, ती गेली कोठे? पुरातत्त्व खात्याने खुलासा केला की, कोलकात्याच्या व्हिक्टोरिया स्मारकातील प्रदर्शनासाठी ती इतर वस्तूंसह उसनी दिली आहे. व्यवहार सरळ होता. १८७२ च्या करार कायद्यात अशा निक्षेपाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. पण कायद्याच्या कागदाने कपाटातील रिकामा खण पाहणाऱ्याचे समाधान कसे व्हावे?

देवास आपल्या कायद्याने व्यक्ती मानले आहे. त्याच्या वतीने भक्त न्यायालयात उभा राहू शकतो. टोपीस तो अधिकार नाही. तिच्या वतीने घराण्यातील माणूस बोलला, तेव्हा ती कोठे आहे हे लोकांस कळले.