पित्तनलिका पुटी, जन्मजात

यकृतातून लहान आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिकेचा जन्मजात फुगवटा. आब्राहाम फाटर यांनी १७२३ मध्ये त्याचे वर्णन केले. बहुतेक रुग्णांत पित्तनलिका व अग्निपिंडनलिका (→ अग्निपिंड) ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भित्तीबाहेरच जुळतात; त्यामुळे अग्निपिंडरस पित्तनलिकेत शिरून तिची भित्ती कमकुवत होते, अशी उपपत्ती बॅबिट यांनी १९६९ मध्ये मांडली. गर्भावस्थेतच दिसणाऱ्या पुटींचा उलगडा तिने पूर्णपणे होत नाही. टोडानी यांच्या वर्गीकरणात (१९७७) पाच प्रकार आहेत. मुलींत व पूर्व आशियात प्रमाण अधिक.

पोटदुखी, कावीळ (→ कावीळ) व उजव्या बरगड्यांखालील गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच आढळतात. तान्ह्या बाळाची शी पांढुरकी व लघवी गडद पिवळी होत असल्यास तपासणी लांबवू नये. निदान सोनोग्राफी व एमआरसीपीने (पित्त व अग्निपिंड नलिकांच्या एमआरआय चित्रणाने) होते.

उपचार बहुतेक प्रकारांत शस्त्रक्रियेचा : पुटी पित्ताशयासह काढून यकृतनलिका लहान आतड्याच्या वळवलेल्या भागाला जोडतात. पुटी न काढता नुसती आतड्याला जोडण्याची जुनी पद्धत त्याज्य ठरली, कारण उरलेल्या अस्तरात पुढे कर्करोग उद्भवू शकतो. यकृतांतर्गत विस्तृत विकारात यकृतरोपण लागू शकते (→ यकृत). शस्त्रक्रियेनंतरही जोड अरुंद होणे, खडे व नलिकादाह संभवत असल्याने रुग्णाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.