अक्षराचा खण

माझे वडील औरंगाबादला गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या खिळ्यांची केस त्यांच्यापुढे तिरकी मांडलेली असे. ‘क’ कुठल्या खणात, ‘क्ष’ कुठल्या, वेलांटी कुठे, हे डोळ्यांआधी त्यांच्या हाताला ठाऊक असायचं. नोकरी बदलून ते औरंगपुऱ्यातल्या दुसऱ्या छापखान्यात गेले, तेव्हा पहिले पंधरा दिवस प्रुफात भलत्याच चुका निघाल्या. तिथली केस वेगळी भरलेली होती. “हात जुन्या घरी जातो गं,” ते म्हणायचे.

ते काय म्हणत होते हे मला १९९७ साली कळलं. तोवर खिळे भंगारात गेले होते आणि मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं, शिकून त्याच धंद्यात आले होते.

डीटीपीचा जन्म मॅकवरचा. १९८५ साली ॲपलचा लेझर प्रिंटर आणि आल्डस कंपनीचं पेजमेकर एकत्र आले आणि टेबलावर पान जुळवता येऊ लागलं. दोन वर्षांनी पेजमेकर विंडोजवर आलं. आमच्या भागात विंडोजच रुजलं, कारण सुटे भाग जोडून बनवलेला पीसी परवडायचा आणि बिघडला तर गल्लीतला पोरगा दुरुस्त करायचा. पण रंगीत कामाच्या फिल्म आम्ही पुण्याहून काढून आणायचो, आणि तिथे मॅक होता. रात्रीच्या बसने झिप डिस्क जायची, दुसऱ्या दिवशी फोन यायचा: “ताई, अक्षरं फुटली.”

का फुटली, हे समजून घ्यायला मला दोन वर्षं लागली. त्या काळच्या फॉन्टात अक्षरांना २५६ घरं होती. पहिली १२८ दोन्ही यंत्रांवर सारखी होती. पुढच्या १२८ घरांचा क्रम मात्र मॅकने एक ठरवला होता आणि विंडोजने दुसरा. इंग्रजीचं काम पहिल्या निम्म्यात भागतं. मराठीला काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं लागतात. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, असे फॉन्ट बनवणाऱ्यांनी ही सगळी चिन्हं मिळेल त्या घरात बसवली, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. तिथे परदेशी चिन्हं होती, त्यांच्यावर आपल्या अक्षरांची चित्रं चढवलेली होती. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली की ते यंत्र ती चिन्हं आपल्या क्रमाने लावून घ्यायचं, आणि आमची वेलांटी उकाराच्या जागी जाऊन बसायची. काही चिन्हं तर पोचायचीच नाहीत. पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांना विंडोजच्या यादीत घरं होती, मॅकच्या यादीत ती नव्हतीच. त्या घरात एखादं अर्धं अक्षर ठेवलेलं असलं की ते वाटेत गळायचं.

एका शाळेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ असंच गेलं. ‘विद्यार्थ्यांच्या’ या शब्दातला अर्धा ‘थ’ गळला आणि घाईत कुणाच्याही लक्षात आलं नाही. छापून आल्यावर मी आणि वडील रात्रभर बसून पाचशे प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “तो खण तिथे होता का?”

रंगांचंही तसंच होतं. मॅकचा पडदा फिका दाखवायचा, विंडोजचा गडद. ॲपलने आपलं प्रमाण विंडोजशी जुळवलं ते थेट २००९ साली. मॅकचे जुने फॉन्ट विंडोजच्या डिस्कवर उतरवले तर फाइलचं नाव यायचं आणि आत शून्य बाइट, कारण मॅक फॉन्टचा ऐवज फाइलच्या दुसऱ्या, लपलेल्या कप्प्यात ठेवायचा.

युनिकोडने प्रत्येक देवनागरी वर्णाला सगळ्या यंत्रांवर एकच क्रमांक दिला. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. तो र. कृ. जोशींनी घडवला, हे मला फार मोलाचं वाटतं: कॅलिग्राफी करणारा एक मराठी कवी जगभरच्या संगणकांत जाऊन बसला. तरी आमच्या धंद्यात जुने फॉन्ट पुढेही बारा वर्षं टिकले. लोक याला डीटीपीवाल्यांचा आळस म्हणतात, ते मला मान्य नाही. पान लावायची सॉफ्टवेअरच युनिकोड मराठी नीट जुळवत नव्हती. इनडिझाइनला ते २०१२च्या सीएस ६ मध्ये जमलं.

आज सकाळी मी एका जाहिरात संस्थेत मॅकवर बसते आणि दुपारनंतर समर्थनगरच्या माझ्या दुकानात विंडोजवर. कॉपी करायला मॅकवर अंगठा लागतो, विंडोजवर करंगळी. दुकानात आल्यावर पहिला अर्धा तास अंगठाच पुढे जातो आणि ऑल्ट दाबला जातो. मराठी टाइप करताना मात्र हात अडखळत नाही, कारण इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी दोन्हीकडे आहे. मॅकच्या फॉन्टांत ‘श्री देवनागरी ७१४’ आहे, तोही मॉड्युलरचाच.

२०२३ साली शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि लेटरहेड, पावतीपुस्तकं, पाट्या बदलायला रांग लागली. एक निवृत्त सर २००१ची सीडी घेऊन आले. त्यांच्या संस्थेची घटना मॅकवर जुळवलेली होती. फाइल उघडली तेव्हा पडद्यावर परदेशी चिन्हांचा खच होता. नुसता पत्ता बदलायचा होता, पण ‘औरंगाबाद’ हा शब्द त्यात शोधूनही सापडेना. कन्व्हर्टर चालवून पाहिले. अर्धी अक्षरं आली नाहीत.

“सर, छापील प्रत आहे का?” मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून पिवळी पडलेली पुस्तिका काढली. मी ती कीबोर्डशेजारी तिरकी उभी केली आणि पहिल्या ओळीपासून टाइप करायला घेतलं.